समुद्राची सूर्यमाळला बदली

मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या एका पाड्यावर सुकरीच्या जमिनीत पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर झाली. मंजूर झाली म्हणजे खणली, असा अर्थ कोणी काढू नये. होळी झाली की तिथला झरा आटतो आणि बायका दरीत उतरून खडकाच्या खाचेतले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. विहीर झाली तर हे उतरणे संपणार होते. म्हणून सुकरीने उतारावरचा नाचणीचा तुकडा कुरकुर न करता सोडला. नवरा पोश्या म्हणाला, "सगळा पाडा आपले दारात पानी भराया येल. तू पाटलीन होशील."

त्याच सुमारास जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एका खाडीच्या तोंडाशी 'सागरस्पर्श' नावाचे निवासी संकुल मंजूर झाले. ते मात्र मंजूर होताच उभे राहू लागले. आड येत होती फक्त तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडे. नियम कडक होता: जितकी तोडाल तितकी लावा, आणि त्याच जिल्ह्यात लावा. किनाऱ्यावर लावायला जागा नव्हती, कारण जागा असती तर तिथेही संकुलच झाले असते. मग जिल्ह्याचा नकाशा पूर्ण उलगडण्यात आला. वरच्या डोंगरात सूर्यमाळ सापडले. तिथल्या एकाच तुकड्यापुढे 'पाण्याची सोय आहे' असा शेरा होता. तो सुकरीचा, मंजूर विहिरीमुळे.

रोपांचा ट्रक घेऊन विनोद नावाचा पर्यवेक्षक आला. माणूस सज्जन होता, आणि सज्जन माणसे दिलेले काम पूर्ण करतात, हीच अडचण असते.

"मावशी, इथे तिवरं लावायची आहेत."

"ती कशाला?"

"पूर अडवायला. हवामान बदललंय, समुद्र वर चढतोय. तिवरं असली की लाटेचा जोर मोडतो."

सुकरीने दरीकडे पाहिले. "इथवर चढंल?"

"इथे नाही. तिकडे चढेल."

"मंग तिकडं लावा ना."

"तिकडची तोडली म्हणून तर इथे लावतोय."

पोश्याने विचारले, "समुद्र चढतोय ते ठावं होतं, तरी तोडली?"

"चढतोय म्हणूनच घाई केली," विनोद म्हणाला. "अजून चढला तर खाडीत भराव कसा टाकणार?"

"आन् आमची इहीर?" सुकरीने विचारले.

"होणार की. झाडं जगली की लगेच."

झाडे जगेनात. तपासणीसाठी आलेल्या तज्ज्ञांनी रोपांना खारे पाणी आणि भरती-ओहोटी मिळत नसल्याचे शोधून काढले. खारे पाणी आणायला टँकर हवा. उन्हाळ्यात पाड्यावर येणारा पिण्याच्या पाण्याचा टँकर रिकामाच येई, निदान अर्धा तरी. तो खाडीवर पाठवण्यात आला. पहिल्या दिवशी बायका सवयीने हंडे घेऊन धावल्या. सुकरीची शेजारीण सुकी हिने घोट घेतला, थुंकली आणि म्हणाली, "यात डाळ शिजवा. मिठाचं तेवढं वाचंल."

भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे टँकर येऊ लागला. बांध घातलेल्या जमिनीत पाणी साचे, पण ओहोटी आपोआप होईना. त्यासाठी मनुष्यबळाची तरतूद झाली. पोश्याला रोजावर घेतले. साचलेले पाणी घमेल्याने उपसून दरीत टाकायचे, एवढेच काम. गळ्यातल्या ओळखपत्रावर त्याच्या नावाखाली 'ओहोटी' असे हुद्द्याच्या जागी छापले होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे टळले, म्हणून तो खूश होता. पाड्यावरच्या बायका सुकरीला विचारू लागल्या, "काय गं, तुझा ओहोटी जेवला का?"

पुनवेला पाहुण्यांकडे लग्न होते. पोश्याने सुट्टी मागितली.

"पौर्णिमेला उधाण असतं," विनोद म्हणाला. "त्या दिवशी तर दुप्पट उपसायला लागेल."

"पानी दरीतच टाकतोस ना तू?" त्या दिवशी सुकरीने नवऱ्याला विचारले.

"मंग कुठं टाकू?"

"खाचेतलं पानी खारं लागाया लागलंय."

ओळखपत्र शर्टाच्या आत टाकून पोश्या कामावर गेला.

काही रोपे जगली, आणि खरे संकट तेव्हा आले. जिथे तिवरे आहेत आणि भरती-ओहोटी होते, तो किनारा. ही व्याख्या आधीपासून होतीच. त्यानुसार सुकरीचा तुकडा किनारा ठरला आणि किनाऱ्यावर खोदकामाला बंदी असल्याने विहीर रद्द झाली. खाडीच्या तोंडाशी तिवरे उरली नव्हती, म्हणून तो भाग किनारा राहिला नाही आणि 'सागरस्पर्श'ला आणखी मजले मिळाले. थोडक्यात, समुद्राची मोखाडा तालुक्यात रीतसर बदली झाली. पण मोखाड्याला बदली झालेले पुष्कळ लोक करतात तेच समुद्राने केले. तो हजरच झाला नाही. जुन्या जागीच राहिला.

पुढच्या पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी आली. खाडीत भराव पडल्यामुळे पाण्याला पसरायला जागा नव्हती. ते 'सागरस्पर्श'च्या पार्किंगमध्ये शिरले आणि गाड्या तरंगू लागल्या. रहिवाशांनी मदत मागितली. मदत तातडीने निघाली आणि किनाऱ्यावर, म्हणजे सूर्यमाळला पोहोचली. सुकीने बचाव होडी उपडी घालून खाली कोंबड्या कोंडल्या. पोश्या थंडीत लाइफ जॅकेट घालून फिरू लागला. ते उबदार असते.

होळी झाली. झरा आटला, खाचेतले पाणी तोंडात धरवेना. सुकरीने विनोदला गाठले.

"झाडं काढा. इहीर खना."

विनोदने प्रामाणिकपणे माहिती काढली. झाडे काढली तर सूर्यमाळ किनारा राहणार नाही. मग किनारा परत खाडीवर जाईल आणि 'सागरस्पर्श' बेकायदा ठरेल. त्यामुळे रहिवाशांची संमती लागणार होती. रविवारी तो सुकरीला घेऊन सोसायटीच्या सभेला गेला.

पार्किंगच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर ओलीची रेघ होती. अध्यक्ष उज्ज्वलाताई सुकरीला गार पाण्याची बाटली देऊन म्हणाल्या, "बसा हं. आम्हाला तुमच्याबद्दल खूप वाटतं."

सुकरीने निम्मी बाटली प्यायली. उरलेली पदरात घेतली.

"पण ती झाडं म्हणजे आमची फुप्फुसं आहेत," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"तुमची हाईत तर तुमचेजवळ ठेवा."

"जवळ ठेवायला जागा कुठे आहे इथे?"

"आमचेकडं प्यायला पानी नाय, बाय."

काही डोळे पाणावले. मग पर्यावरणाच्या हितासाठी सूर्यमाळच्या तिवरांना हात लावू देऊ नये, असा ठराव मांडण्यात आला. सुकरीला आणखी एक बाटली देण्यात आली. ठराव एकमताने संमत झाला.

तुम्ही हात वर केला नव्हता, हे मला मान्य आहे. तुम्ही त्या रविवारी सभेला गेलाच नव्हता. पण सोसायटीच्या नियमांप्रमाणे गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरली जाते.