सव्वादोन जीबीची भैरवी

सॅम्पल म्हणजे दुकानदाराने चाखायला दिलेली आंबावडी, एवढंच मला परवापरवापर्यंत ठाऊक होतं. (एकाच दुकानात ती तीनदा मागून घेणारा माणूस मीच.) पियानोतही सॅम्पल असतं आणि ते आखूड असलं की संसारात विघ्न येतं, हे मला योगिनीने सांगितलं. योगिनी म्हणजे आमची ही.

लग्नाआधी ती इथे रत्नागिरीतच लोबो सरांच्या क्लासात पियानो शिकायची. सर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणीत एक कार्यक्रम ठरवला, आणि शेवटची भैरवी योगिनीने वाजवायची असं ठरलं. ही भैरवी सरांनी स्वतः पियानोवर बसवलेली. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत ती चार लोकांसमोर एकदाही वाजवायला बसली नव्हती, त्यामुळे पंधरा दिवस आधीपासून तिला जेवण जाईना. त्यात सरांच्या पियानोचे पाय वाळवीने खाल्लेले. तो हॉलपर्यंत न्यायचा म्हटलं तर वाटेतच बसकण मारणार. म्हणजे आमच्या घरचा डिजिटल पियानो न्यायला हवा, आणि त्याचा आवाज तिच्या मते दाराच्या बेलसारखा.

मला तो चांगला पियानोसारखा वाटत होता, पण मी गंभीर चेहरा करून कारण विचारलं. तिने समजावलं. खऱ्या पियानोचा एकेक सूर रेकॉर्ड करून यंत्रात भरतात, त्याला सॅम्पल म्हणतात. आमच्या स्वस्तातल्या यंत्रात अख्खा पियानो सोळा एमबीत कोंबलेला. दर चौथ्या पट्टीचाच सूर घेतलेला, मधल्या पट्ट्यांचं त्यालाच ताणून भागवलेलं. तोही दोन सेकंदांचा, पुढे तोच तुकडा गोल गोल फिरत राहतो. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तोच, फक्त लहानमोठा. खऱ्या पियानोत हळू दाबलेल्या सुराचा स्वभावच वेगळा असतो, आणि तो विरत विरत जातो. सर सांगायचे, सूर स्वतःहून संपल्याशिवाय बोट उचलायचं नाही.

हे सांगताना तिचे डोळे भरून आले आणि ते मला बघवेना. "सरांचाच पियानो रेकॉर्ड करून यात भरू की," मी म्हणालो. (भरपेट जेवल्यावर मी काही बोलू नये, असं मला डॉक्टरांनी खरं म्हणजे लिहून द्यायला हवं.)

लॅपटॉप जोडला की हवी तेवढी मोठी सॅम्पल भरता येतात, हे यूट्यूबवर कळलं. पट्ट्या अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक पट्टी जोरात, मध्यम आणि हळू अशी तीनदा दाबायची आणि दरवेळी तीस सेकंद रेकॉर्ड करायचं. योगिनीला सरांची रिकामी खुर्ची बघवत नसे, म्हणून मी आमच्या ऑफिसातल्या महिपत शिपायाला सोबत घेतलं. रविवारी आम्ही दोघं क्लासात जाऊन बसलो. तो पट्टी दाबणार, मी माइक आणि घड्याळ सांभाळणार.

तीस सेकंद गप्प बसणं काय असतं ते तुम्ही करून बघा. आमच्याकडे माणसं मौनाच्या सभेतसुद्धा शेजाऱ्याला आंब्याला मोहोर कसा आहे ते विचारतात. तरी जोरात आणि मध्यम या दोन फेऱ्या आम्ही दात आवळून काढल्या. हळूच्या फेरीत मात्र घोटाळा झाला. हळू दाबलेला सूर पंधरा सेकंदांनी आमच्या कानांना ऐकू येईनासा होई. तो संपला असं धरून आम्ही कुजबुजायला लागलो, आणि माइक आपला चालूच. संध्याकाळपर्यंत बरंच बोलून झालं. दोघांनाही हलकं वाटलं.

योगिनीने बजावलं होतं की सूर विरला की पुढचं सगळं कापून टाका. पण आमच्या घरात फणसाची आठळीसुद्धा कधी टाकलेली नाही. तीस सेकंद मेहनतीने मिळवल्यावर पंधरा फेकून कसे द्यायचे? शिवाय सॅम्पल जितकं मोठं तितकं खरं, हे तीच म्हणाली होती. मी सगळं जसंच्या तसं भरलं. सव्वादोन जीबी झालं. सोळा एमबी कुठे आणि सव्वादोन जीबी कुठे! हा आकडा मी ऑफिसात दोनदा आणि रिक्षावाल्याला एकदा सांगितला.

एवढं सगळं भरेपर्यंत कार्यक्रमाची आदली संध्याकाळ आली. योगिनीने हेडफोन लावले, भराभर दोन-चार ताना वाजवल्या आणि थांबली. "अहो, सरच बसलेत," म्हणाली आणि रडली. त्या रात्री ती पोटभर जेवली. मी इतका कर्तबगार नवरा लग्नाच्या दिवशीही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. मोठे स्पीकर लावलेले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. योगिनीने भैरवी सुरू केली आणि सरांच्या पियानोचा आवाज हॉलभर पसरला. मागे कुणीतरी नाक ओढलं. सगळं नीट पार पडलं, आणि शेवटचा खालचा सा तिने अगदी हळू दाबला, पेडल धरलं आणि डोळे मिटले. सरांची शिकवण. सूर विरायला लागला. दहा सेकंद. बारा. कुणी टाळी वाजवेना. पंधरा.

आणि मग दोन्ही स्पीकरमधून महिपत बोलला, "भाऊ, तुमाला कळतं काय वो यातलं?"

पाठोपाठ माझा आवाज आला. "नाय रे. चौदा वर्षं झाली. ती वाजवते, मी डोळे मिटून जेवणातल्या बांगड्याच्या तिकल्याचा विचार करतो. ती थांबली की 'वा' म्हणायचं."

योगिनीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझं तोंड तर बंद होतं. आवाज कुठून येतोय हे न कळल्याने तिचं बोट पट्टीवर तसंच राहिलं, आणि उरलेल्या सेकंदांत महिपत समाधानाने हसल्याचंही सगळ्यांनी ऐकलं. मग सूर संपला. वाजवणं थांबलेलं आहे एवढंच माझ्या डोक्यात शिरलं, आणि सवयीने मी मोठ्याने म्हणालो, "वा."

पुढचं हसणं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही.

रिक्षात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कधी नव्हे ती हिम्मत करून लोकांसमोर बसली, आणि मी तिचं असं करून ठेवलं. घरी आल्यावर मी सरळ माफी मागितली.

"मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मी हळू वाजवो, जोरात वाजवो, चुकीचं वाजवो, तुमचा 'वा' एकच. अर्ध्या सेकंदाचा. सोळा एमबीतलाच तो." मग म्हणाली, "पण पंधरा सेकंदांपर्यंत सर खरंच बसले होते हो." आणि हसायला लागली. ती हसली म्हणून मीही जरा बेताने हसलो.

त्यानंतर तिने सगळी सॅम्पल स्वतः कापली, आणि सगळ्यात वरच्या पट्टीवर, जी कुठल्याच गाण्यात लागत नाही, माझा 'वा' भरला. सराव संपला की ती पट्टी दाबते. त्यामुळे आता मला समोर बसावं लागत नाही.

परवा ऑफिसात महिपत खूश होऊन सांगत होता, "भाऊ, काल सांजच्याला तुमच्या घरावरनं चाललो होतो. वैनी वाजवत होत्या. तुमाला आता कळायला लागलं हाय. कालचा 'वा' अगदी मनापासून आला."

मी काल संध्याकाळी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात बांगडे निवडत होतो.