जमादार नानांची खडूची फुली

आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी पहिली पंगत बसलेली असताना शेजारचे जमादार नाना थेट स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावरच्या कुकरचं झाकण त्यांनी आरतीच्या तबकासारखं वर धरून पाहिलं, त्यातली रबरी रिंग दोन बोटांनी ओढली आणि खिशातून खडूचा तुकडा काढून झाकणावर भली मोठी फुली मारली. "नापास," ते म्हणाले, आणि न जेवताच निघून गेले. माझी बायको शैला हातात पळी घेऊन बघत राहिली. पुढच्या आठवड्यात मी नवी रिंग आणायला गेलो, तेव्हा दुकानदारानं जुनी रिंग उलटसुलट केली आणि विचारलं, एवढे दिवस घरातली माणसं शाबूत कशी राहिली?

नानांचा खरा वैताग हाच होता. ते बहुतेक वेळा बरोबर असायचे.

नाना पोलिसांच्या शस्त्रागारात हवालदार, म्हणजे जुन्या बोलीत जमादार, होते. बंदोबस्ताला जाणारी प्रत्येक बंदूक आधी त्यांच्या हाताखालून जायची आणि जी मनास येणार नाही तिच्या दस्त्यावर खडूची फुली पडायची. फुली पडली की साहेबांचासुद्धा इलाज चालत नसे. निवृत्त होऊन ते केजला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा बंदुका मागे राहिल्या आणि खडू बरोबर आला. मग तहसील कचेरीतलं बाकडं नापास झालं. एसटीतलं मागून तिसरं सीट नापास झालं. माझी स्कूटर तर इतक्या वेळा नापास झाली की तिचा मूळ रंग कोणता, हे पाहुण्यांना सांगावं लागे. एकदा त्यांनी एका पुढाऱ्याच्या सभेचं व्यासपीठच नापास केलं. कार्यकर्ते अंगावर धावून आले. संध्याकाळी सत्काराच्या वेळी पुढाऱ्यांचा डावा पाय फळीतून खाली गेला आणि हार गळ्यात पडायच्या ऐवजी सूत्रसंचालकाच्या गळ्यात पडला.

माणसाला मात्र नानांनी कधी नापास म्हटलं नाही. मी एकदा आमच्या मुख्याध्यापकांविषयी मत विचारलं, तर म्हणाले, "माणूस तपासायचं हत्यार आपल्याकडं न्हाई, सर."

आमच्या कपांची मात्र त्यांनी भीड राखली नाही. शैलानं पहिल्यांदा चहा विचारला तेव्हा त्यांनी कप लांबूनच न्याहाळला. "कान बारीक हाय, बोट मावत न्हाई," म्हणाले, आणि कपावर फुली. तिनं मोठ्या कानाचे कप आणले, ते जड निघाले. स्टीलचा पेला चटका देतो म्हणून बाद झाला. तिसऱ्या खेपेनंतर शैलानं विचारणं सोडलं. फुलीचा तो पहिला कप तिनं रागानं न धुताच फळीवर ठेवून दिला. नाना रोज यायचे, पण फाटकाबाहेर उभे राहून, दोन्ही हात पाठीमागं बांधून बोलायचे. पोलिसातली सवय, असं आम्ही समजायचो. लग्नाकार्यात अक्षता टाकून ते पंगतीआधी गुल व्हायचे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही, माणूस तऱ्हेवाईक व्हायचाच, असं म्हणून आम्ही विषय मिटवायचो.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि मांजरसुंब्याच्या रस्त्यावर जो छोटा नेमबाजी क्लब आहे त्याचा सचिव आहे. सचिव म्हणजे परवान्यांची कागदपत्रं सांभाळणारा आणि रेंजवरचं गवत कापून घेणारा. आमच्या क्लबात नाव घ्यावं असं एकच माणूस, आरती. तिच्या घरी मेंढरं आहेत. लहानपणी गोफणीनं ती चुकार मेंढीच्या नेमकी पुढ्यात दगड टाकायची, असं तिचे वडील सांगतात. पंचवीस मीटरवर कागदाचा काळा गोल तिला ताटाएवढा दिसत असावा. फक्त एका फेरीत ती मार खायची. त्या फेरीत दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात, आणि क्लबचं जुनं पिस्तूल प्रत्येक गोळीला वर उसळायचं. ते खाली आणेपर्यंत वेळ संपायची. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या महिन्यात राज्याची निवड होती.

म्हणून आम्ही रीतसर परवानगी काढून एक नवं पिस्तूल आठ दिवसांसाठी मागवलं. एका गोळीनंतर दुसरी आपोआप नळीत चढणारं, आणि नळीच्या टोकाला भोकं पाडलेला एक चौकोनी ठोकळा. त्याला कॉम्पेन्सेटर म्हणतात. आठ दिवसांत हो म्हणायचं, नाहीतर ते दुसऱ्या क्लबकडे जाणार. माझं पिस्तुलाचं ज्ञान गवत कापण्यापुरतं. तेव्हा मी नानांकडे शब्द टाकला. ते इतक्या लगबगीनं आले की चप्पल दोन वेगळ्या जोडांची होती.

त्यांनी तो ठोकळा पाहिला आणि लगेच त्याचं बारसं केलं.

"हे मुसकं हाय," ते आरतीला म्हणाले. "बैलाला मुसकं कावून घालत्यात? त्यानं पिकात तोंड घालू नये म्हणून. तसं ह्यानं वर तोंड करू नये म्हणून. गोळीमागची हवा ह्या भोकातून वर सुटती अन् नळीला खाली दाबून धरती. समजलं?"

तिला समजलं. मलाही पहिल्यांदाच समजलं, पण सचिवानं तसं दाखवायचं नसतं.

पुढचे तीन दिवस नानांनी त्या पिस्तुलाला जी परीक्षा द्यायला लावली ती मी बी.पी.एड.लाही दिली नव्हती. स्पर्धेत पिस्तूल ठरलेल्या मापाच्या पेटीत बसावं लागतं, म्हणून सुताराकडून तशी पेटी बनवून घेतली. पिस्तूल मुसक्यासकट आत बसलं. घोडा एक किलोचं वजन पेलतो का, हे बघायला किराणा दुकानातलं माप आणलं, तर नानांनी आधी ते मापच नापास केलं. दुकानदार अजून माझ्याशी बोलत नाही. दुसरं माप आणलं, ते घोड्यानं पेललं. दोनशे गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. मुसक्याच्या भोकांत काजळी धरली, ती आरतीनं टूथब्रशनं काढली. जुन्या पिस्तुलाच्या कागदावर पाच भोकं जिना चढल्यासारखी वर वर जायची. नव्याची पाचही भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली जात होती. हे सगळं नाना मागं हात बांधून सांगायचे आणि आरती करायची.

शेवटची परीक्षा मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. "हत्यारावर शेवटचा हात जमादाराचा," हा शस्त्रागारातला त्यांचा कायदा. त्यांच्याकडे निजामाच्या काळातला तांब्याचा एक पैसा होता. रिकाम्या पिस्तुलात नकली काडतूस घालायचं, नळीच्या टोकावर तो पैसा ठेवायचा, नेम धरून घोडा दाबायचा. पैसा हलला नाही तर हत्यार पास. पडला तर फुली. नोकरीत शेकडो हत्यारं त्यांनी या एका पैशावर पारखली होती.

चौथ्या दिवशी आम्हाला लांब उभं करून, आमच्याकडे पाठ करून, नानांनी ती परीक्षा घेतली. फरशीवर टण्णकन आवाज झाला. पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी तर घोडा दाबण्याआधीच.

"मुसक्यानं तोल बिघडतोय," नाना खाली बघत म्हणाले. "नापास."

आरतीनं पिस्तूल पुसलं, पेटीत ठेवलं आणि केजच्या जीपची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मला तिचं ते तसं उभं राहणं सहन झालं नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी तणतणत नानांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर पोळपाटाचं लाटणं पडलं होतं आणि तो तांब्याचा पैसा जमिनीवर. घरभर पिठाचा कण नाही आणि हा माणूस लाटणं घेऊन काय करतोय, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि गेला. मी रागात होतो. मी त्यांना म्हणालो, "नाना, तुम्हाला आयुष्यात काही पास करायची भीती वाटते. आणि त्यापायी त्या पोरीचं वर्ष जाणार आहे."

मला वाटलं, ते माझ्या कपाळावर फुली मारतील. ते नुसते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, हात मागे. "सकाळी रेंजवर या," एवढंच म्हणाले.

सकाळी मी पोचलो तेव्हा दोघं आधीच आले होते. नानांनी पैसा आरतीच्या हातावर ठेवला. "ठेव नळीवर," म्हणाले, "दाब." तिनं पिस्तूल रिकामं असल्याचं त्यांना दाखवलं, नकली काडतूस घातलं, हात लांबवला आणि घोडा दाबला. पैसा जागचा हलला नाही. नानांनी दहा वेळा करायला लावलं. दहाही वेळा तो पैसा मुसक्यावर गोंदल्यासारखा बसून होता.

"सर, फोन लावा," नाना म्हणाले. "पिस्तूल पास हाय. नापास मी हाय."

त्यांनी खिशातून खडू काढला आणि स्वतःच्या उजव्या बाहीवर फुली मारली. फुलीच्या रेघा वेड्यावाकड्या आल्या. मग त्यांनी तो हात आमच्यापुढे धरला. उकळी फुटायच्या आधी भांड्यावरचं झाकण थरथरतं, तसा तो थरथरत होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून हे चालू होतं. त्यांच्या बायकोला माहीत होतं. ती पानात वाढताना त्यांची वाटी अर्धीच भरायची, म्हणजे सांडायचं नाही. ती गेल्यावर अर्धी वाटी भरणारं कुणी राहिलं नाही.

"चार माणसांत कप धरला की बशीत वाजतो," नाना म्हणाले. "लोक म्हणत्यात, जमादार पितो. अन् हत्यार तपासणाऱ्याचाच हात हालतो म्हनलं, तर माझ्या हातून गेलेल्या समद्या हत्यारांवर शंका. म्हणून मीच कपांना अन् ह्या पिस्तुलाला नापास करीत गेलो. तुमचे कप लई चांगले हायत, सर."

तीन वर्षं मी या माणसाच्या फुल्यांचे किस्से शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत होतो. लाटणं आणि पैसा डोळ्यांसमोर आला आणि मला माझीच लाज वाटली. म्हातारा घरी बसून लाटण्यावर पैसा तोलत होता, हात एकदा तरी थांबतो का बघत होता.

आरती मात्र गडबडली नाही. "मला पयल्याच दिवशी दिसलं होतं, नाना," ती म्हणाली.

"मग बोलली कावून न्हाईस? पिस्तूल गेलं असतं की हातचं."

"पिस्तूल गेलं असतं तर गेलं असतं. मी बोलले असते तर तुमी यायचं बंद केलं असतं."

तिनं पुढं होऊन त्यांच्या बाहीवरची फुली तळहातानं पुसून टाकली. "माणूस तपासायचं हत्यार आपल्याकडं न्हाई," ती त्यांच्याच सुरात म्हणाली. "तुमीच म्हनता ना? निवडीला यायचं तुमी. माझ्या मागं उभं राहायचं, नुसतं."

मी फोन लावला आणि होकार कळवून टाकला. आठ दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. नानांचंही तेच झालं असावं, कारण परतताना जीपमध्ये त्यांनी हात मागे बांधले नव्हते. ते गुडघ्यांवर ठेवले होते, उघड्यावर, आणि ते हवे तसे थरथरत होते.

आरतीची निवड झाली, हे इथंच सांगून टाकतो. त्या दहा सेकंदांच्या फेरीत पाचही गोळ्या वेळेत सुटल्या. आधी सामानाच्या तपासणीत पिस्तूल मुसक्यासकट पेटीत बसवून दाखवावं लागलं, आणि नानांनी त्या अधिकाऱ्याला तुमच्या पेटीची कड झिजलीय म्हणून ऐकवलं. खडू त्यांनी काढला नाही, ही त्यांची कृपा.

पण मला आठवते ती त्या सकाळनंतरची संध्याकाळ. घडलं ते मी शैलाला सांगितलं होतं. नेहमीच्या वेळेला नाना फाटकापाशी आले, आणि वास्तुशांतीनंतर पहिल्यांदा फाटक उघडून आत आले. खुर्चीवर बसले. त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली. खडूची फुली असलेला तो बारीक कानाचा कप तिथं तसाच होता.

ते उठले, कप खाली घेतला. तो हातात थरथरू लागला, पण त्यांनी लपवला नाही. फुली अंगठ्यानं पुसली, उरलेली सदऱ्याच्या टोकानं घासली, आणि कप शैलापुढं धरला.

"वहिनी," ते म्हणाले, "अर्धाच भरा."