पहिल्या रायफलीस एकमताने मंजुरी

कुइक्कावारा गावच्या शिकार मंडळाच्या घटनेत चौदावे कलम असे आहे: ‘नव्या सभासदाने घ्यावयाच्या पहिल्या रायफलीस कार्यकारिणीची एकमताने मंजुरी असावी.’ हे कलम एकोणीसशे एकसष्ट साली घातले गेले, कारण त्या वर्षी एक नवा सभासद युद्धातली मशीनगन घेऊन मूसच्या शिकारीला आला होता. त्यानंतर साठ वर्षे कलमाला कुणी हात लावला नाही, कारण तसा नवा सभासदच आला नाही. आम्ही जे नऊ जण आहोत ते बापाच्या जागेवर आणि बापाच्याच रायफलीनिशी आलो. सरासरी वय एकोणसत्तर. मी मंडळाचा चिटणीस, पेंटी. इतिवृत्त मीच लिहितो, म्हणून पुढचे सगळे खरे आहे.

मूस म्हणजे घोड्याहून उंच आणि स्वभावाने सरकारी असे हरीण. रस्त्यात उभे राहिले की हलत नाही. दर शरदात आम्ही त्यांतले तीन मारावेत आणि त्यांनी आमच्या जंगलातली कोवळी झाडे खाऊ नयेत, अशी साधारण व्यवस्था आहे.

ऑगस्टच्या शेवटी हिल्का तुर्पेइनेन मंडळाच्या खोपीत आली. हिल्काने एकतीस वर्षे गावचे पोस्ट सांभाळले. मग पोस्ट बंद करण्यात आले आणि त्याच तारखेपासून हिल्काही. लग्न केलेले नाही, एक भाऊ होता तो दक्षिणेला गेला. ऑक्टोबर उजाडला की गाव केशरी टोप्या घालून जंगलात जाते आणि संध्याकाळी खोपीत मूसचे सूप पिते. टोपी नसलेल्या माणसाला त्या महिन्यात बोलायला कुणी मिळत नाही. या वसंतात, एकसष्टाव्या वर्षी, हिल्काने शिकारीची परीक्षा दिली आणि साठपैकी एकोणसाठ गुण मिळवले.

“रायफल कुठली घेऊ, एवढंच सांगा,” ती दारातूनच म्हणाली. “दोन मिनिटांत सांगा. गाडी चालूच ठेवलीय बाहेर.”

गाडी यथावकाश पेट्रोल संपून बंद पडली.

“तीनशे आठ,” कालेर्वो म्हणाला. हा निवृत्त बस-ड्रायव्हर. “यात बोलण्यासारखं काही नाही.”

“तीनशे आठनं मूस मरत नाही,” सुलो म्हणाला. हा लाकूडतोड्या. “नाराज होतो. तू साडेसहा घे, हिल्का. हलकी, सरळ जाणारी.”

“साडेसहा म्हणजे सुई. तिला शिकार करायचीय, मूसला लस टोचायची नाहीये.”

हे आकडे गोळीच्या मापाचे आहेत, पण आमच्याकडे ते आडनावासारखे चालतात. कालेर्वो आणि सुलो नात्याने मेहुणे. आपली मुलगी तीनशे आठच्या घरात पडली, हे सुलोच्या आईने शेवटपर्यंत मनाला लावून घेतले होते.

मग अध्यक्ष बोलले. अध्यक्ष ओइवा गावचे जुने हेडमास्तर; शिकारीचे प्रमुखही तेच. त्यांच्या सहीशिवाय जंगलात गोळी सुटत नाही.

“नऊ-तीन,” ओइवा म्हणाले. “एकदा मारली की विषय संपला.”

“विषय संपतो आणि खांदाही,” सुलो म्हणाला.

हिल्काने तिघांकडे पाहिले. “तुमच्यापैकी कुणाच्या गोळीनं मूस पडत नाही, असं आहे का?”

“सगळ्यांच्याच पडतो,” मी म्हणालो.

“मग?”

“‘मग’ हा प्रश्न कार्यकारिणीच्या अखत्यारीत येतो,” ओइवा म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून घटना काढली.

अशा रीतीने ‘प्रथम रायफल निवड उपसमिती’ स्थापन झाली. सदस्य: ओइवा, कालेर्वो, सुलो आणि मी, म्हणजे कार्यकारिणीच. अर्जदाराच्या खांद्याची पाहणी करणे आवश्यक असल्याने बैठका अर्जदाराच्या घरी, दर मंगळवारी, अकरा वाजता घ्याव्यात असे ठरले. पहिल्या बैठकीला हिल्काने कॉफी केली आणि वेलचीचे गोड पाव भाजले. पावांची चव लक्षात घेता विषय घाईने निकालात काढण्याजोगा नाही, यावर पहिले आणि शेवटचे एकमत झाले.

दुसऱ्या बैठकीत प्रश्नावली तयार झाली. उंची, वजन, कुठला डोळा मिटता येतो, मूसबद्दल वैयक्तिक आकस आहे काय. तिसऱ्या बैठकीत खांदा मोजला. खांदा एक, फीत एक, मोजणारे तीन; आकडे तीन आले आणि ज्याचा आकडा त्याच्याच रायफलीला बेतल्यासारखा.

“माझ्या खांद्याला काय वाटतं, ते कुणी विचारलं का?” हिल्का म्हणाली.

“खांद्याला तांत्रिक ज्ञान नसतं,” ओइवा म्हणाले. “पाव उरलाय का एखादा?”

खरे सांगायचे तर आम्ही इतके सुखात कधी नव्हतो. कालेर्वो इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला. सुलो, जो वर्षाला साधारण चाळीस वाक्ये बोलतो, तो एका मंगळवारी साडेसहाच्या बाजूने सव्वा तास बोलला. माझी बायको जाऊन सहा वर्षे झाली. मीही मंगळवारी सकाळी सातपासून दाढी करून बसत असे. हिल्का कप भरत राही आणि मधूनमधून म्हणे, “ऑक्टोबर आला रे.”

ऑक्टोबर आला. मोसम उघडला. परंतु निवड आणि शिकार एकाच वेळी केल्यास निवडीवर शिकारीचा प्रभाव पडण्याची शक्यता असल्याने शिकार पुढे ढकलण्यात आली. उरलेले पाच सभासद हाक्याला माणसे पुरेनात म्हणून घरी बसले. जंगलात गोळी वाजत नाही हे मूसांच्या ध्यानात यायला एक आठवडा लागला. मग त्यांनी कोवळे पाइन खाल्ले, दफनभूमीतली फुले खाल्ली आणि शाळेच्या बससमोर उभे राहून मुलांना तिसऱ्या तासापर्यंत अडवून धरले. जंगलाच्या मालकाने पत्र पाठवले: यंदाच्या मोसमात एकही मूस पडला नाही, तर जंगल शेजारच्या गावच्या मंडळाला देण्यात येईल. उपसमितीने पत्राची नोंद घेतली, आणि निवड पूर्ण होताच त्याचा सहानुभूतीने विचार करण्याचे ठरवले.

अकराव्या बैठकीला प्रत्येकाने पुराव्यादाखल आपापली रायफल आणली होती. हिल्काच्या बोळात कोटांशेजारी त्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या. सुलो बोलत असताना खिडकीबाहेर काहीतरी हलले. मोठा नर मूस, आवारातल्या सफरचंदाच्या झाडाखाली, घरापासून चाळीस पावलांवर. झाडावर राहिलेली गोठलेली सफरचंदे तो सावकाश एकेक करून खात होता.

आम्ही खिडकीशी गेलो.

“इतक्या अंतरावर नऊ-तीन,” ओइवा कुजबुजले. “आरपार.”

“आरपार जाऊन हिल्काच्या मोटारीत,” कालेर्वो म्हणाला. “इथं तीनशे आठ.”

“मूस जरा तिरपा उभा आहे,” सुलो म्हणाला. “तिरप्याला साडेसहा.”

“परवाना अध्यक्षांच्या खिशात आहे,” हिल्का म्हणाली. “मोसम चालू आहे. आवार माझं आहे. रायफली बोळात आहेत. कुणीतरी जा ना.”

“थांब गं,” कालेर्वो म्हणाला. “गेलो तर तो जाईल. उदाहरण म्हणून उपयोगी आहे.”

मूस पाऊण तास थांबला. आम्ही त्याच्या निमित्ताने अंतर, कोन, वारा आणि सुलोची आई एवढे विषय घेतले. जाताना त्याने खिडकीतून आत पाहिले आणि दारातला केराचा डबा पाडला. इतिवृत्तात मी त्याची नोंद ‘निमंत्रित’ अशी केली. हिल्काने मेजावरची बशी उचलली, चार पाव होते ते पुन्हा डब्यात ठेवले आणि झाकण लावले. उपसमितीने याची गंभीर दखल घ्यायला हवी होती.

त्याच आठवड्यात तिने पोलिसांकडे शस्त्रपरवान्याचा अर्ज टाकला. रायफलीच्या मापाचा रकाना कुणालाही न विचारता भरला. नाताळाआधी परवाना आला, तेव्हा ती सत्तर किलोमीटर गाडी चालवत शहरातल्या दुकानात गेली. दुकानात एक पोरगी होती, नाकात चमकी घातलेली. पुढचा संवाद हिल्काने मला नंतर सांगितला.

“खांद्याला लावून बघा,” पोरगी म्हणाली. “दुसरी लावा. आता पहिली पुन्हा. कुठली बरी वाटते?”

“ही.”

“मग ही घ्या.”

“एवढंच?”

“मावशी, तुम्हाला आणखी काय हवं होतं?”

चार वेळा चांदमारीवर जाऊन हिल्का नेमबाजीची चाचणी पास झाली. जानेवारीत, मोसम संपायला आठवडा उरला असताना, तिने आम्हा चौघांना फोन केला. “येत्या मंगळवारी कॉफी नाही. शनिवारी सकाळी आठ वाजता जंगलाच्या फाट्यावर या. ओइवाला म्हणावं, कागद घेऊन ये.”

“तू रायफल घेतलीस?” मी विचारले. “कुठली?”

“शनिवारी दिसेल.”

शनिवारी नऊच्या नऊ सभासद आले. मूससाठी आले असते की नाही, सांगता येत नाही. हिल्काची रायफल कातडी पिशवीत होती. पिशवीच्या लांबीवरून कालेर्वोने अंदाज बांधायला सुरुवात केली; ओइवांनी त्याला जागेवर जायला सांगितले आणि स्वतः पिशवीला एक चक्कर मारून आले.

गुडघाभर बर्फ. सुलोचा कुत्रा पुढे, हाका पूर्वेकडून. मी हिल्कापासून दीडशे पावलांवर, एका टेकाडाआड. अर्धा तास वायरलेसवर शिकारीबद्दल कुणी काही बोलले नाही. “नळी लांब वाटली,” एवढे एक ऐकू आले; त्यावर “लांब नव्हती,” आणि त्यावर “तुला कधी दिसली?” मग कुत्रा भुंकला. फांद्या मोडल्या. आणि हिल्काच्या बाजूने एक गोळी वाजली. एकच.

मी सगळ्यांत आधी पोचलो. मूस आडवा पडला होता, जागच्या जागी, पाय झाडला नव्हता. हिल्का त्याच्याशेजारी बर्फात बसली होती. टोपी मागे गेलेली, हात थरथरत होते. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “पेंटी,” ती म्हणाली, “तो थेट माझ्याकडे बघत होता रे.”

बाकीचे आले. पडलेल्या मूसपुढे टोपी काढण्याची आमच्याकडे रीत आहे. ओइवांनी टोपी काढली, मूसला ओलांडले आणि म्हणाले, “दाखव बघू रायफल.”

तिने दाखवली. नऊ माणसे रायफलीभोवती गोळा झाली. मूसजवळ फक्त कुत्रा राहिला.

मग कालेर्वोने मान हलवली. “ह्या रायफलीनं मूस पडायला नको होता.”

“पडला आहे खरा,” सुलो म्हणाला. “पण ते योग्य नाही.”

“मूस पडला,” ओइवांनी निर्णय दिला, “पण चुकीच्या कारणाने पडला.”

खोपीत तातडीची सभा झाली. कलम चौदाप्रमाणे मंजुरी नसल्याने ही शिकार मानता येत नव्हती. दुसरीकडे मालकाला एक तरी मूस दाखवल्याशिवाय जंगल राहत नव्हते. तेव्हा मूस मालकाकडील कागदात ‘मारला’ आणि मंडळाच्या वहीत ‘दिवंगत’ असा लिहिण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. दिवंगताचे सूप हिल्कानेच ढवळले. प्रत्येकाने तीन वाट्या घेतल्या.

“मांस जरा चिवट लागतंय,” सुलो वाटी पुढे करत म्हणाला. “साडेसहानं मऊ राहतं.”

“मग नको तुला?” हिल्का म्हणाली.

“घाल. अभ्यासासाठी.”

जंगल एका वर्षापुरते वाचले. हिल्काला केशरी टोपी मिळाली. उपसमितीचे कार्य संपले म्हणून ती विसर्जित करण्यात आली, आणि मग फेब्रुवारीतले मंगळवार आले. पहिल्या मंगळवारी मी दाढी केली आणि घरीच बसलो. कालेर्वो म्हणे बस-थांब्यावर उभा होता. त्या थांब्याला आता बस येत नाही. चौथ्या मंगळवारी सकाळी हिल्काचा फोन आला.

“पेंटी, त्या रायफलीवर दुर्बीण बसवावी म्हणते. कुठली घेऊ?”

मी लगेच उत्तर देऊ शकलो असतो. बाजारात दुर्बिणी दोनच प्रकारच्या मिळतात, आणि त्यांतली एक उघडच निरुपयोगी आहे. पण मी म्हणालो, “हा विषय एकट्यानं ठरवायचा नाही.” अकरा वाजता तिच्या दारात चार गाड्या उभ्या होत्या.

ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. गावात, शहरात, एकदा आगगाडीत एका डोळ्यांच्या डॉक्टरला. हिल्काचे हात का थरथरत होते, हे एकानेही विचारले नाही. सगळे शेवटपर्यंत नीट ऐकून घेतात, जरा पुढे सरकतात आणि म्हणतात, “ते सगळं ठीक, पण तिनं रायफल कुठली घेतली होती?”

तुम्हीही त्याचसाठी थांबला आहात, हे मला दिसते आहे. सांगायला माझी हरकत नाही. दुर्बीण उपसमितीत एक जागा रिकामी आहे. तुमचे स्वतःचे मत कुठल्या मापाकडे झुकते, तेवढे मात्र आधी लेखी कळवा.