पुंडलिकभाऊंचं राष्ट्रीय कार्य

आमच्या कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचं ठरलं. पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" तेव्हा आमचे हेडक्लार्क पुंडलिकभाऊ उठून उभे राहिले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सर, मुलीकडचे कुठले नि मुलाकडचे कुठले?"

कुणी हसलं नाही. भाऊंना ओळखणारं माणूस अशा वेळी हसत नाही, डोक्याला हात लावतं.

धसईपासून वैशाखऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात पुंडलिकभाऊंशिवाय लग्न लागत नाही. मांडवाचं तोंड कुठं करायचं, किती गाड्या येणार, कुठला मामा रुसणार, हे त्यांना घरच्यांच्या आधी ठाऊक असतं. कॉलेजात ते नोकरी करतात, ती दोन लग्नांच्या मधल्या वेळात. चार माणसं जमली की ते लग्नच, अशी त्यांची ठाम समजूत आहे. गॅदरिंगला ते 'कार्य' म्हणतात, परीक्षेलाही 'कार्य' म्हणतात. आणि "मॅडम, कार्याला गालबोट नको" हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा ऐकतो.

मी इतिहास शिकवते. चर्चासत्राचा विषय माझाच होता: सह्याद्रीतले जुने घाटमार्ग. नाणेघाट आम्हाला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लांबलांबचे अभ्यासक आनंदानं येणार होते. मी किन्हवलीच्या शाळेत शिकलेली मुलगी, संयोजक म्हणून पहिलीच खेप. मी नुसत्या याद्यांवर याद्या करत बसले होते. भाऊ मात्र कामाला लागले.

निमंत्रणं ईमेलनं जायची होती. भाऊंनी पहिल्या ईमेलची प्रिंट काढली, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, ग्रामदेवतेपुढं ठेवून आले आणि मग मला म्हणाले, "आता दाबा बटन." उद्घाटनाची वेळ मी अकरा लिहिली होती. त्यांनी ती अकरा वाजून सतरा मिनिटं केली. का, तर त्या आधी वेळ बरी नव्हती. सभागृह असताना त्यांनी मैदानात मांडव घातला आणि त्याला आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे बांधले. मी चिडले. "भाऊ, हे विद्वान लोक आहेत. पेपर वाचायला येतायत."

"वाचू दे ना! आमी कुठं नाय म्हनतो? पन जेवनार तर मांडवातच ना?"

या सगळ्यात एक गोष्ट मी त्यांना सांगायची टाळत होते. शोधनिबंध वाचणाऱ्यांत त्यांची सुनंदा होती.

सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी जुनी विद्यार्थिनी. पुण्यात संशोधन करता करता तिनं तिथल्याच निखिलशी लग्न केलं. नोंदणी कचेरीत, दोन सह्या करून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. संध्याकाळी फोन करून सांगितलं. भाऊ "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते सुनंदाच्या आईच्या, आमच्या वहिनींच्या मार्फत. मुलाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. एकदाच मला म्हणाले होते, "पोरगा चांगला हाय वो. पन मॅडम, साऱ्या तालुक्याचं मांडव मी घातलं, नि माझी पोर सही करून गेली." त्या दिवशी त्यांना चहासुद्धा गेला नव्हता.

शेवटी यादी टाइप करायला त्यांच्याच हातात द्यावी लागली. मी समोर बसून राहिले. सुनंदाचं नाव आलं तेव्हा त्यांची बोटं थांबली. पडद्याकडं बघतच त्यांनी विचारलं, "एकटी येते का दोगं?"

"दोघं येतायत."

त्यांनी नाव टाइप केलं आणि पुढचं पान घेतलं. दुसऱ्या दिवशी मांडव मोठा करायला निघाले, तेव्हा मात्र मी अडवलं नाही. भाऊ आणि सुनंदा एकमेकांशी बोलतील की नाही, याचाच घोर मला चर्चासत्रापेक्षा जास्त लागला होता.

पहिला दिवस झोकात पार पडला. सनईच्या सुरांत पाहुणे मांडवात आले; सभागृह राहिलं बाजूला, सत्रंही तिथंच भरली. अकरा सतराला उद्घाटन म्हणजे अकरा सतराला! माझ्या सगळ्या नोकरीत मी वेळेवर सुरू झालेलं हे एकमेव चर्चासत्र बघितलं. मग एक ज्येष्ठ संशोधक रुसले. फलकावर त्यांचं नाव तिसरं आलं होतं. ते खोलीतून बाहेर येईनात. प्राचार्य घामाघूम झाले. भाऊंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मगासपास्नं वाट बघत होतो, अजून कोनी रुसलं कसं नाय." टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन ते खोलीत गेले. दहा मिनिटांनी ते गृहस्थ डोक्यावर टोपी घालून हसत हसत बाहेर आले आणि सत्राला अध्यक्ष म्हणून बसले. टोपी त्यांनी संध्याकाळपर्यंत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा आणि निखिल आले. भाऊ तडक आचाऱ्याकडं गेले. सुनंदानं नाणेघाटातल्या पाण्याच्या टाक्यांवर निबंध वाचला. फार सुरेख वाचला. मी मागं वळून बघितलं, तर मांडवाच्या कनातीपलीकडं भाऊंची चप्पल दिसत होती. ती शेवटपर्यंत हलली नाही. टाळ्या सुरू झाल्या तशी दिसेनाशी झाली.

जेवणं झाली, प्रमाणपत्रं वाटली, गाड्या माळशेजकडं आणि कल्याणकडं निघाल्या. सुनंदा जेवायला बसलीच नव्हती. तिनं पिशवी उचलली. डोळे भरले होते. "मॅडम, निघते. बाबा काय बोलायचे नाय."

एवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "कोनी जायाचं नाय. एक पंगत बाकी हाय."

मांडवाच्या मधोमध दोन पाट मांडले होते. भोवती रांगोळी, पुढं केळीची पानं. वहिनी नवी साडी नेसून समया लावत होत्या. कोपऱ्यात धसईच्या तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, लग्नात धवळे गाणाऱ्या. त्यांना सकाळपासून बोलावून ठेवल्याचं मला, संयोजकाला, आत्ता कळत होतं.

"बाबा, हा तर चर्चासत्राचा मांडव हाय," सुनंदा कशीबशी म्हणाली.

"मांडव तो मांडव," भाऊ म्हणाले. "बस."

निखिल बिचारा बूट घालूनच पाटाकडं निघाला होता. भाऊंनी त्याला थांबवलं, बूट काढायला लावले, स्वतः तांब्या घेतला, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि खांद्यावरच्या पंच्यानं पाय पुसले. म्हाताऱ्यांनी सूर धरला. प्राचार्य, मी, ग्रंथपाल, आम्ही अक्षता टाकल्या. टोपीवाले ज्येष्ठ संशोधक अजून गेले नव्हते. त्यांनी सर्वांत जोरात टाकल्या. भाऊंनी दोघांना वाढलं, वरणभात, वाल, बुंदी. निखिलच्या पानात बुंदी इतकी, की भात दिसेना.

गाडीपाशी मात्र भाऊंचा धीर सुटला. इतरांच्या लग्नात हाच माणूस मुलीच्या बापांना दटावतो, "रडायचं तर आत जाऊन रडा, गाडी खोळंबते." तो आता गाडीच्या दाराला धरून हमसून हमसून रडत होता आणि दार सोडत नव्हता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी त्याच्यावर अशी ओरडले, की त्यानं इंजिनच बंद केलं.

सुनंदानं बापाचे डोळे पुसले. "बाबा, आमी दिवाळीला येतो. चार दिस राहतो."

भाऊंनी मान हलवली. "दिवाळी लय लांब हाय," ते म्हणाले. "शनवारी या."