सहा कोनांचं खाचर

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले बाळूदादा कॉम्प्युटरवर साम्राज्याचा खेळ खेळतात आणि साम्राज्य काही वाढवत नाहीत. शेजारचे राजे रॉकेटं सोडतात, हा माणूस आपला भात लावून बसलेला! खेळात गाव एकच, त्याला नाव बायकोचं: जनाबाई. खऱ्या जनाबाई जाऊन आठ वर्षं झाली.

बिल्डिंग उभी आहे ती दादांच्याच शेतावर. शेत गेलं, हाताला काम उरलं नाही, म्हणून मीच त्यांना हा खेळ लावून दिला. माझा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यामुळे मी मास्तर. पुढे खेळाचा नवा भाग आला की मीच कॉम्प्युटरवर चढवून द्यायचो आणि मीच शिव्या खायचो. जुन्या भागांत जमीन चौकोनी होती, तोवर ठीक चाललं. पाचव्यात ती षटकोनी झाली. "जल्ला, सहा कोनांचं खाचर कोनी बघितलंय? बांध कुठं घालू?" सहाव्यात शहर पसरून शेतं गिळायला लागलं, तेव्हा दोन दिवस धड जेवले नाहीत. सातव्यात तर युग बदललं की आपल्या लोकांचं नावच बदलतं. "म्हातारा झालो म्हनून आडनाव बदलू?"

खरी जमीन उरली होती बिल्डिंगमागची एक पट्टी. तिथे जनाबाईंनी घातलेला तोंडलीचा मांडव दादांनी जपला होता. ती पट्टी बिल्डरला हवी होती, दादांच्या मुलाला हवी होती, आणि खोटं कशाला बोलू, पार्किंगसाठी आम्हा सगळ्यांनाच हवी होती. दादा सही करीनात. मग सगळ्यांनी मला पुढे केलं. "तुमचं ऐकतील हो ते!"

मी गेलो आणि अक्कल पाजळली. "दादा, खेळात बघता ना? अडून बसला तो संपला. नवा भाग, नवे नियम."

"तू मास्तर. तुना कलतं," दादा म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

परवा जेसीबी आला. मांडव पाच मिनिटांत आडवा. संध्याकाळी दादांनी मला बोलावलं. ते खिडकीपाशी उभे होते, कॉम्प्युटर बंद होता.

"मास्तर, खेळात चुकलं तं मागं जाता येतं ना?"

"येतं. आधी सेव्ह केलेलं असलं तर."

"मंग सही कराच्या आधी मना सांगलास का नाय?"

मी जायला वळलो. दादांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रं. बस, चहा टाकतो."

अहो, दोन शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो मी.