राजगोपाल मामांच्या होडीचे दोन पंप

राजगोपाल मामांची शिडाची होडी गेली नऊ वर्षं शहराबाहेर कोवलमच्या खाडीत एकाच खुंटाला बांधलेली होती. ती समुद्रात का जात नाही याचं कारण मात्र दर वर्षी नवं असे. एका वर्षी शीड विरलं होतं. एका वर्षी पाण्यात तरंगवणारी जाकिटं कमी पडली. यंदा पंप नव्हते.

"होडीच्या तळाला पाणी सांचतें, नंदिता," मामा कॉफी पिता पिता सांगत होते. "तें उपसायाला पंप पाहिजेत. तेही दोन. एक बिघडला तर दुसरा. त्यावांचून तपासनीस समुद्रांत सोडील कसा?"

मामा म्हणजे नंदिताचे तिरुवल्लिकेणीतले घरमालक. तंजावरचं मराठी घराणं, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. होडी त्यांच्या एका मित्राने परदेशी जाताना प्रेमाने गळ्यात मारली होती. नंदिता साताऱ्याची. गिंडीच्या एका कारखान्यात ट्रकच्या काचेवर पाणी उडवणारे पंप बनवायची. हे मामांना ठाऊक होतं, पण बोलण्याच्या भरात ते नेमकं विसरले.

"एवढंच ना?" नंदिता म्हणाली. "मी बसवून देते की!"

मामांची कॉफी पेल्याबाहेर सांडली. लाडाने ते तिला कण्णा म्हणत. "नको, कण्णा. तुला कशाला त्रास?"

"त्रास कसला? माझं रोजचंच काम आहे."

आतून अलमेलू मामी लगबगीने आल्या. "खरेंच का गे? मग यंदा समुद्र घडणार म्हणायचा, अहो!"

मामा हसले. हसू जरा वाकडं होतं. पण नंदिताला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा यंत्रं अधिक कळायची.

पुढच्या रविवारी तिने पंप बसवले. तळाशी एक, त्याच्या वीतभर वर दुसरा. पाणी चढलं की तरंगता खटका उचलला जाणार, पंप आपोआप सुरू होणार, पाणी नळीतून बाहेर. नळ्यांची तोंडं बाहेर काढायला तिने होडीच्या डाव्या कुशीला दोन भोकं पाडली, पाण्यापासून चांगली चार बोटं वर. मापं घेताना होडीत ती एकटी होती, आणि तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं.

शनिवारी सकाळी तपासनीस कार्तिकेय आले. आडव्या बांध्याचे, शिस्तीचे गृहस्थ. मामी रेशमी साडी नेसून, चिंचेच्या भाताचा मोठा डबा घेऊन होडीत बसल्या होत्या. मामा शिडाची दोरी धरून होते. खरं म्हणजे दोरीनेच त्यांना धरलं होतं.

"पंप चालवून दाखवा," कार्तिकेय होडीत चढून तमिळमध्ये म्हणाले.

होडी आतून खडखडीत कोरडी. नऊ वर्षांत तिने थेंबभर पाणी आत घेतलं नव्हतं. मग नंदिताने बादलीने खाडीचं पाणी उपसून होडीत ओतलं. सातव्या बादलीला खटका उचलला गेला, पंप घुर्रर्र करून सुरू झाला आणि डाव्या बाजूने पाण्याची झकास धार सुटली.

"पाहा, पाहा!" नंदिता ओरडली. धार बघायला कार्तिकेय डावीकडे वाकले. मामी वाकल्या. दोरीसकट मामा वाकले. सगळ्यांबरोबर होडीही वाकली आणि दोन्ही भोकं गुपचूप पाण्याखाली गेली.

पंप थांबला. क्षणभराने पुन्हा सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने दुसराही त्याच्या मदतीला धावला.

"वा!" कार्तिकेय घड्याळ बघत म्हणाले. "वीस मिनिटं झाली, दमत नाहीत. उत्तम पंप!" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण ओतल्या सात बादल्या, आणि निघाल्या निदान सत्तर. होडी भयंकर गळते आहे. पंप पास, होडी नापास."

नंदिताचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. काय झालंय ते तिला उमगलं होतं. गप्प राहिली तर पंपांची अब्रू राहत होती आणि बिचाऱ्या निर्दोष होडीवर खापर फुटत होतं.

"होडी गळत नाही, सर. भोकं मी खाली पाडली. पाणी नळीतून उलटं आत येतंय."

"अस्सं! दुरुस्तीला किती दिवस?"

"दिवस कसले? भोकं बुजवून वर नवी—"

"नंदिता, इकडे ये जरा," मामांनी होडीतून उतरून तिला काठावर बोलावलं. "दोन महिने सांग. मला समुद्राचें फार भय वाटतें, कण्णा. पण हिला इतकी हौस! नऊ वर्षें कसें तरी निभावलें."

ती वळते न वळते तोच मामींनीही उतरून तिचा हात धरून तिला माडाआड नेलं. "दोन महिने तरी सांग, लेकी. माझ्या पोटांत आतांच ढवळतें आहे. पण ह्यांनी एवढ्या प्रेमानें होडी ठेविली, नको कशी म्हणूं? दर वर्षी हौस दाखवितें झालें."

कारखान्यात नंदिताचा अंदाज कधी तासाने चुकत नसे. ती कार्तिकेयांसमोर आली आणि म्हणाली, "काम अवघड आहे, सर. दोन महिने. जास्तच."

मामांनी खोल सुस्कारा सोडला. मामींनी त्याहून खोल. "आमचें नशीब!" त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

शिस्तीच्या माणसालाही मन असतं. कार्तिकेयांना ते म्हातारं जोडपं बघवेना. "अम्मा, रडू नका," ते म्हणाले. "पलीकडच्या धक्क्यावर होड्या दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. आत्ता बोलावतो. त्याच्या हाताला तासाभराचं काम. मी इथेच थांबतो. दुपारच्या आत तुम्ही समुद्रात!"

"नको!"

मामा आणि मामी एकदमच ओरडले. काठावरचे दोन बगळे उडाले.

मग मामांनी हळूच मान वळवून मामींकडे पाहिलं, आणि मामींनी मामांकडे.

"तूं कां नको म्हणालीस गे?" मामांनी विचारलं.