लाल मोटारीच्या डोळ्यात फूल

मोटारीच्या पुढच्या काचेला तडा जाणे ही सामान्य घटना आहे. ती कोणाच्या अखत्यारीत येते याचा विचार सुरू होईपर्यंत ती सामान्यच राहते.

राहात्याच्या शमशेर तांबोळीने १९४६ साली लाल रंगाची, दोनच माणसांची, शर्यतीची मोटार घेतली. ती नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या कॅप्टनची. कॅप्टनला विलायतेला परतायची घाई होती, आणि त्याच्या खानसाम्याच्या मते चारांवर उभे राहणारे काहीही विकायची जिल्ह्यात जागा एकच : घोडेगावचा बाजार. मोटार म्हशींच्या रांगेत उभी राहिली. दलाल बन्सीने रिवाजाप्रमाणे दोघांच्या हातांवर उपरणे टाकले. उपरण्याखाली बोटे दाबून भाव सांगायचा असतो, हे साहेबाला माहीत नव्हते. शमशेरने भीतभीत दोन बोटे दाबली. साहेबाला वाटले, निरोप देतो आहे. त्यानेही गहिवरून तेवढीच दाबली. सौदा झाला. बन्सीने मोटारीच्या पाठीवर थाप मारून हमी दिली : तिसऱ्या बाजारापर्यंत खोड निघाली तर माल परत.

या मोटारीवर शमशेरचे लग्न जमले. सकीना त्याला आधीपासून आवडत होती. तिची आई, श्रीरामपूरची मुबारकबी, हिला तो मोटार आल्यापासून आवडू लागला. निकाह शुक्रवारी ठरला.

त्याच आठवड्यात, राहात्याच्या भर बाजारात, पुढे चाललेल्या बैलगाडीच्या लोखंडी धावेखालून एक खडा उडाला आणि मोटारीच्या काचेत मधोमध चांदणी उमटली. गाडी कारभारी पाटलांची होती. ती थांबली नाही.

मुबारकबीचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. तडकलेल्या काचेआडून आपली लेक सासरी जाणार नाही. काच बदला, नाहीतर आम्ही नवरा बदलू.

काच मुंबईहून यायची होती आणि तिची किंमत ऐकून शमशेर जमिनीवर बसला. उठला तो हमीवाल्याकडे गेला.

बन्सीने मोटारीपुढे उकिडवे बसून एक डोळा मिटला. काचेपुढे तळहात हलवून ती दचकते का ते पाहिले. मग चौकशी सुरू केली.

“लंगडती का?”

“नाही.”

“लाथ मारती?”

“हँडल फिरवताना मारते.”

“ती चांगल्या जातीची खूण हाय. शमशेरभाई, हा डोळा फुटलेला न्हाई. ह्याला फूल पडलंय, म्हशीच्या डोळ्यात पडतं तसं. फूल घरी गेल्यावर पडतं. त्येला मालक जबाबदार, बाजार न्हाई.”

मात्र बन्सी माणूस प्रामाणिक होता. त्याने उपाय फुकट सांगितला : रोज सकाळी मध घालावा. शमशेरने घातला. बुडत्याला काय, काडी आणि मध सारखेच. फूल गेले नाही. माश्या मात्र पार शिर्डीपासून येऊ लागल्या.

उरला विमा. दि दक्षिण सर्वसंकटहारक विमा कंपनीचे दावा-निरीक्षक कानिफनाथ वाघ नगरहून आले. त्यांनी आधी माश्यांची नोंद घेतली आणि त्या विम्यात समाविष्ट नसल्याचे तोंडी कळवले. मग मूळ प्रश्नाकडे वळले. आग, पूर, दंगल आणि शत्रूची विमाने यांखेरीज मोडलेल्या काचेचीही भरपाई कंपनी देत असे. पण मोडलेली काच कुठे होती? काच तर जागेवर होती.

“तडा गेलाय, साहेब.”

“तडा जाणे हा काचेचा विचार झाला. मोडणे ही कृती. तुकडे दाखवा.”

“मग मोडू?”

“मोडलीत तर ते हेतुपुरस्सर. आपोआप मोडेपर्यंत थांबा.”

“शुक्रवारी निकाह आहे.”

“कंपनीतर्फे अभिनंदन.”

पुढे खडा कोणाचा, हा प्रश्न निघाला. रस्ता लोकल बोर्डाचा, म्हणून खडाही बोर्डाचा, असे वाघसाहेबांना वाटले. बोर्डाच्या ओव्हरसियरने खुलासा केला की, खडा रस्त्यात बसलेला असतो तोवर तो बोर्डाच्या सेवेत असतो. उडाला की त्याने राजीनामा दिला असे समजावे. राजीनामा दिलेल्या खड्याच्या वर्तनाला बोर्ड बांधील नाही.

(इथे एक परिच्छेद होता. त्यावर शमशेर काय म्हणाला, ते त्यात जसेच्या तसे दिले होते. तो परिच्छेद वाघसाहेब पुरावा म्हणून घेऊन गेले. परत आला की याच जागी बसवण्यात येईल.)

तरी कंपनी निर्दय नव्हती. वाघसाहेबांनी मध्यममार्ग काढला : खडा गाडीच्या चाकाखालून उडाला आणि गाडी अमुक इसमाची होती, एवढे सांगणारा एक साक्षीदार आणा, तड्याला मोडणे समजू, काच बुधवारी मुंबईहून निघेल असे पाहू.

शमशेरला हायसे वाटले. साक्षीदारांना काय तोटा? सगळा बाजार तिथे होता. अब्दुलच्या हॉटेलात चार दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी खडा सुपारीएवढा सांगे, कोणी बटाट्याएवढा. बांगडीवाल्या साळूबाईने तर तो शीळ घालत जाताना ऐकला होता.

वाघसाहेबांनी साळूबाईला विचारले. तिने पदर सावरला.

“म्या त्या दिशी कोपरगावला गेल्ते.”

अब्दुलही कोपरगावला गेला होता. शिंपी, वाणी आणि तलाठी कोपरगावला गेले होते. देवळातला गुरव आणि मशिदीतला बांगी एकाच टांग्यातून गेले होते. चाळीस वर्षे गावाची वेस न ओलांडलेली आंधळी आक्काबाईसुद्धा, कारभारी पाटलांचे नाव निघताच, कोपरगावला गेली होती.

वाघसाहेबांनी निष्कर्ष काढला : सदर दिवशी राहाते येथे कोणीही नव्हते. तरी शेवटची सवलत म्हणून मुदत वाढवली. गावाचा नसलेला, कोणत्याही पक्षाचा नातलग नसलेला एक माणूस चालेल. साक्ष होईल या भरवशावर निघालेली काच आता पुण्यात येऊन पडली आहे. साक्ष झाली की तार करून रातोरात मागवता येईल.

आता तुमच्याविषयी.

खडा उडाला तेव्हा तुम्ही हजर होता. गाडी कोणाची, हे तुम्हाला तेव्हाच कळले. तुम्ही शमशेरचे कोणी लागत नाही, मुबारकबीचेही नाही. आज गुरुवार आहे. चावडीत वाघसाहेबांसमोरची खुर्ची रिकामी आहे. शमशेर दाराशी उभा आहे आणि इतका वेळ रस्त्याकडे पाहत होता, तो आता तुमच्याकडे पाहतो आहे. बाहेर पाटलांची गाडी उभी आहे. आत जायचे आणि एक नाव मोठ्याने घ्यायचे, इतकेच काम आहे.

कोपरगावची सर्व्हिस मोटार पलीकडे वडाखालून सुटते. गर्दी आहे, पण या, लोक सरकून जागा देतील.